एक काळा फायबर

आजचा अख्खा दिवस एएफएमसमोर (बारीक सुई फिरवून पृष्ठभाग तपासणारा मायक्रोस्कोप) गेला, पण वसूल झाला.

नमुना नखाएवढा. काँपोझिटचा, म्हणजे कार्बन फायबर आणि त्यांना धरून ठेवणारं, वीज न वाहणारं इपॉक्सी रेझिन यांचा तुकडा, आडवा कापून पॉलिश केलेला. मागे चांदीची पेस्ट लावून व्होल्टेज द्यायचं आणि पुढून प्लॅटिनम-इरिडियमचा मुलामा असलेली सुई फिरवायची. जिथे टेकेल तिथून किती करंट येतो, ते बिंदूगणिक नोंदलं जातं.

उंचीच्या नकाशात विशेष काही नाही. करंटचा मात्र बघतच राहावा असा! सुमारे 7 मायक्रॉन व्यासाच्या उजळ चकत्या आणि मध्ये इपॉक्सीचा मिट्ट काळोख. त्यातच एक फायबर पूर्ण काळा. तुटलाय की काय? सुईचा दाब थोडा वाढवून पुन्हा स्कॅन घेतला, तर कडेकडेने उजळायला लागला. पॉलिश करताना वर इपॉक्सीचा पापुद्रा बसला होता. काही नॅनोमीटरचा असेल, पण करंट अडवायला तेवढा पुरतो. (दाब वाढवला की सुईचा मुलामा झिजतो, आणि या सुया काही स्वस्त नाहीत. असो.)

'हे कशाला करता?' असं घरी विचारतात. बोइंग 787 वजनाने जवळपास निम्मं काँपोझिटचं आहे. यात वीज फायबरच्या दिशेने छान वाहते, पण आडवी जायची तर फायबर एकमेकांना टेकलेले हवेत. म्हणून आकाशातली वीज पडली तर ती पसरावी यासाठी बाहेरच्या थरात धातूची जाळी घालतात, आणि वजन वाढतं. कुठला फायबर कुणाला टेकलाय, हे मल्टिमीटर सांगत नाही.

उद्या इपॉक्सी जास्त असलेला कोपरा बघायचाय.