तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॅनेटेसचा पहिला भाग

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचायला लागायचंय म्हटलं की मी प्लॅनेटेसचं नाव घेते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, आधी नुसता पहिला भाग वाचून बघू का, की एकदम सगळी सिरीज मागवू? पहिलाच वाचा. जपानीत एकूण चार भाग आहेत, पहिल्यात पाच प्रकरणं, आणि त्यातली बहुतेक स्वतंत्र कथेसारखी वाचता येतात.

आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते, ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताई येतात. प्लॅनेटेसची माणसं तेच काम करतात, फक्त अंतराळात. जुने उपग्रह, तुटके पत्रे, स्क्रू गोळा करायचे. माकोतो युकिमुराने १९९९ मध्ये हे सुरू केलं, त्याची पहिलीच सिरीज, आणि २००२ मध्ये तिला विज्ञानकथांसाठीचा जपानचा सेइउन पुरस्कार मिळाला.

सुरुवातीची पानं तर मी कितीदा उघडून बघितली असतील. प्रवासी यानात खिडकीशी बसलेली एक बाई, सोबत नवरा, आणि त्या खिडकीवर येऊन आदळतो एक साधा स्क्रू. बस्स, ती बाई जाते. पृथ्वीजवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतात, त्या वेगात स्क्रूसुद्धा गोळीपेक्षा भयंकर. पुढे तोच नवरा, युरी, कचरा वेचायच्या कामावर दिसतो आणि बायकोचं हरवलेलं होकायंत्र शोधत असतो, तेही कोणाला न सांगता. मला तिथे प्रत्येक वेळी भरून येतं.

आणि हे काही हवेतलं नाही हो. एका टकरीचे तुकडे पुढच्या टकरी घडवत जातील हे नासाच्या डोनाल्ड केसलरने १९७८ मध्येच मांडलं होतं, २००९ मध्ये इरिडियम आणि कॉसमॉस हे दोन उपग्रह खरोखर एकमेकांवर आदळले, आणि २०१९ च्या मार्चमध्ये आपण मिशन शक्तीत आपलाच उपग्रह पाडला तेव्हा सगळीकडे अभिनंदनाचे मेसेज फिरत होते आणि माझ्या डोळ्यासमोर मात्र तो स्क्रू.

कच्चं काय आहे तेही सांगते. सुरुवातीला चेहरे अजून हाताला बसलेले नाहीत असं वाटतं. तिसऱ्या प्रकरणातले दहशतवादी अगदीच वरवरचे, त्यांना काय हवंय ते कळतं पण ती माणसं म्हणून उभीच राहत नाहीत. ते प्रकरण तरतं ते कचरा वेचणाऱ्यांतल्याच फी नावाच्या बाईमुळे, एका सिगरेटसाठी ती जे काही करते त्यामुळे. पुढे फार महत्त्वाची होणारी तानाबे ही मुलगी या भागात नाहीच, अ‍ॅनिमे, म्हणजे यावरची कार्टून मालिका, बघून आलेल्यांना ती पहिल्यापासून लागते, त्यांची थोडी निराशा होईल. पाचव्या प्रकरणात मात्र हाचिमाकी, कचरा वेचणाऱ्यांतला तरुण नायक, अंधाऱ्या बंद खोलीत घाबरतो आणि तिथून सिरीज खोलात शिरते. त्याला गुरूवर जाणाऱ्या यानाचं वेड तिथेच लागतं.

डार्क हॉर्स या प्रकाशनाची इंग्रजी आवृत्ती दोन जाड खंडांत आहे, पहिला खंड घेतलात तर पुढचा भागही त्यातच मिळतो. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, दहा पानांत सवय होते.

दुसरं प्रकरण मात्र दोनदा वाचा. चंद्रावर जन्मलेली, पृथ्वीवर कधीच न आलेली नोनो त्यात आहे. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश, एवढंच डोक्यात ठेवा, आणि ती तिचं वय सांगते त्या पानावर जरा थांबा.