सोळातले आठ गेले कुठे?

आजची दुपार कॉम्प्युटरच्या रॅमने (मेमरीने) खाल्ली. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावलेल्या, आणि विंडोज दाखवतंय फक्त ८. अशा वेळी सगळे ३२ बिट विंडोजकडे बोट दाखवतात, पण तिची मर्यादा ४ जीबीची आणि माझी विंडोज ६४ बिट. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्येही) ८च! म्हणजे विंडोज बिचारी निर्दोष.

पट्ट्या अदलून बदलून पाहिल्या. दोन्ही ठणठणीत, एक स्लॉट मात्र मुका. मदरबोर्ड गेला असंच वाटलं. पण हल्ली मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्येच असतो. प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला तरी प्रोसेसरच्या पिनांचा संपर्क सुटून मेमरीचा एक चॅनेल (रॅमकडे जाणारा रस्ता) गायब होऊ शकतो. (हे कुणाला सुचणार, सांगा!) कूलर काढला, नवी थर्मल पेस्ट लावली, चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळले. १६ हजर! आता रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालू राहील.