शेतीच्या दाव्यात बंद्याला वकील

नाशिक, गुरुवार

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातील विधी साहाय्य कक्षात आज एका शिक्षाबंद्याचा अर्ज माझ्याकडे आला. निफाड तालुक्यातील वडिलोपार्जित द्राक्षबागेच्या वाटपाचा दावा त्याच्या थोरल्या भावाने लावला असून, समन्स तुरुंगाधिकाऱ्यांमार्फत त्याच्यावर बजावले गेले आहे. दाव्यात मोफत वकील मिळावा, एवढीच त्याची विनंती आहे. असा वकील फक्त फौजदारी खटल्यात मिळतो, असे बराकीतल्या इतरांनी त्याला सांगितले होते, आणि खरे सांगायचे तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या आमच्या जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्येही असे मानणारे कमी नाहीत.

कायदा तसे म्हणत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अभिरक्षेतील, म्हणजे कैदेतील, व्यक्ती उत्पन्न न पाहता विधी सेवेस पात्र ठरते. त्याच अधिनियमातील न्यायालयाच्या व्याख्येत दिवाणी, फौजदारी आणि महसुली अशी तिन्ही न्यायालये येतात. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे की नाही, एवढेच प्राधिकरणाने पाहायचे असते.

अडचण हक्काची नाही, घड्याळाची आहे. सत्र न्यायालयात आरोपीला वकील नसेल आणि तो नेमण्याची त्याची ऐपत नसेल, तर राज्याच्या खर्चाने वकील देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मिळणे हा बंद्याचा हक्क ठरवला. दिवाणी दावा मात्र कोणासाठी थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली न्यायालय निर्धन पक्षकाराला वकील देऊ शकते, पण त्याआधी निर्धनतेची चौकशी होते, आणि इकडे समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत, लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, दाखल व्हावी लागते. ही मुदत निर्देशात्मक, म्हणजे काटेकोर बंधनकारक नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे खरे, तरी त्या भरवशावर राहिलेल्या कित्येकांविरुद्ध एकतर्फी हुकूमनामे, म्हणजे त्यांची बाजू न ऐकताच निकाल, झालेले आहेत.

दुपारी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "गुन्हा करताना शेत आठवले नव्हते का?" मला हा प्रश्नच गैरलागू वाटतो. न्यायालयाने त्याला कारावास दिला, त्याच्या हिश्शाची जप्ती दिलेली नाही. खून करणाऱ्याला मयताचा वारसा मिळत नाही, हे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २५ सांगते. याच्या गुन्ह्याचा या कुटुंबाशी वा या जमिनीशी काहीही संबंध नाही. ज्या राज्याने त्याला न्यायालयात स्वतः उभे राहण्यापासून अडवले आहे, त्यानेच त्याच्यासाठी वकील उभा करावा, यात उपकाराचा भाग येतोच कुठे?

अर्थात, नेमणूकपत्र निघाले म्हणजे बचाव झाला असेही नाही. वकीलपत्रावर त्याची सही तुरुंगाधिकाऱ्यांसमक्ष होईल, परंतु फेरफाराच्या नोंदी, जुने सातबारे आणि बागेवर केलेल्या खर्चाच्या पावत्या सगळ्या गावात आहेत. पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र करावे, असे मी सुचवले. त्याच्या नोंदणीसाठी बंद्याला निबंधक कार्यालयात नेण्याची गरज नसते, निबंधक तुरुंगात येऊ शकतात. (पत्नीही दाव्यात प्रतिवादी आहे, आणि स्त्री म्हणून कलम १२ खाली ती स्वतंत्रपणे पात्र आहे, हे तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.) मात्र भावांमध्ये पूर्वी तोंडी वाटणी झाली होती, हा त्याचा मुख्य बचाव आहे, आणि जे त्याला स्वतःला माहीत आहे त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. त्यासाठी एक तर त्याला न्यायालयात हजर करण्याचा आदेश मिळवावा लागेल, नाही तर दूरदृश्य प्रणालीद्वारे जबाब नोंदवण्याची परवानगी. मला दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो, पण उलटतपासणी समोरासमोर व्हावी असा आग्रह समोरचे वकील धरणार, हे आताच दिसते आहे.

सोमवारी आधी मुदतवाढीचा अर्ज द्यायचा आहे. फेरफाराच्या नकलांसाठी त्याची पत्नी उद्या तलाठ्यांकडे जाणार आहे.