मंगळवारी दुपारी दोनला लेन्स्टर हाऊसमध्ये

डब्लिनला येणारी आपली मंडळी बिअरचं संग्रहालय, ट्रिनिटी कॉलेज आणि एखाद्या दिवसाची बस करून मोहरचे समुद्रावरचे उंच कडे बघतात आणि परततात. या तिन्हींवर बरेच युरो उडतात. किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाऊसमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या संसदेत, मात्र देशाचा पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेत्या समोरासमोर भांडताना फुकट बघायला मिळतात. राजकारणाची थोडीफार गोडी असेल, तर माझ्या मते डब्लिनमधली ही सगळ्यात चांगली दुपार.

त्यासाठी वार नीट निवडायला हवा. कनिष्ठ सभागृहाचं, म्हणजे डॉलचं, कामकाज साधारण मंगळवार, बुधवार आणि गुरुवार चालतं. ज्याच्यासाठी जायचं तो भाग म्हणजे 'लीडर्स क्वेश्चन्स', विरोधी नेत्यांनी सरकारला विचारायचे प्रश्न. मंगळवारी तो दुपारी दोनला, बैठक सुरू झाल्या झाल्या असतो, बुधवारी आणि गुरुवारी बाराच्या सुमारास. मंगळवारी आणि बुधवारी उत्तराला पंतप्रधान, म्हणजे टीशक, स्वतः उभा राहतो. गुरुवारी बहुधा उपपंतप्रधान किंवा दुसरा मंत्री असतो, त्यामुळे पर्याय असेल तर गुरुवार टाळा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, नाताळ-ईस्टरलाही असते. मुलांच्या सुट्टीचा हिशेब धरून ऑगस्टमध्ये येणाऱ्यांना गेटच बघून परतावं लागेल. 17 मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेच्या आठवड्यात अर्धं मंत्रिमंडळ परदेशात असतं, तोही सोडा.

अधिवेशनाच्या दिवशी प्रेक्षक सज्जात बसायचं तर एखाद्या खासदाराच्या किंवा सिनेटरच्या मार्फत आधी नाव नोंदवावं लागतं. ऐकायला अवघड वाटतं, पण तसं नाही. माझा भाचा तिथे आयटीत आहे. नागरिकत्व अजून नसल्यामुळे त्याला डॉलच्या निवडणुकीत मत नाही, फक्त स्थानिक निवडणुकीत आहे. त्याने आपल्या भागातल्या खासदाराच्या ऑफिसला दोन ओळींची मेल टाकली आणि उत्तर लगेच आलं. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात आणि मतदार पसंतीक्रम लिहितात, त्यामुळे खासदाराला स्वतःच्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराचीही धास्ती असते. दारात आलेल्याला हाकलणं कुणालाच परवडत नाही. ओळखीचं कुणी तिथे राहत नसेल, तरी थेट मेल करून बघायला हरकत नाही. बैठक नसलेल्या दिवशी, सोमवारी आणि शुक्रवारी, नुसती इमारत दाखवणाऱ्या फेऱ्या असतात. वेळा संसदेच्या संकेतस्थळावर बघून जा.

लुआस ट्रामच्या ग्रीन लाइनवर डॉसन थांब्याला उतरलं की पाच मिनिटांची चाल. लीप कार्ड घेतलंत तर दोन युरोत नव्वद मिनिटं बस-ट्राम बदलता येते. पासपोर्ट जवळ ठेवा. गेटसमोर मोल्सवर्थ स्ट्रीटवर बहुतेक कुणी ना कुणी फलक घेऊन उभं असतं. आम्ही गेलो तेव्हा अपंग मुलांच्या पालकांचा एक छोटा गट होता. घोषणा नव्हत्या की लाऊडस्पीकर नव्हता, प्रत्येक येणाऱ्या खासदाराला थांबवून ते बोलत होते आणि खासदारही थांबत होते. आत बॅग तपासणी, नावाची चिठ्ठी, मग सज्जा. फोटो काढायचे नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे तिथला कर्मचारी दोनदा बजावतो.

इमारत 1745 ते 1748 मध्ये किल्डेअरच्या अर्लने राहायला बांधली. पुढे 1815 मध्ये ती रॉयल डब्लिन सोसायटीकडे गेली आणि स्वतंत्र झालेल्या आयरिश राज्याच्या संसदेने 1922 मध्ये तिथे बस्तान बसवलं. डॉलचं सभागृह म्हणजे त्या सोसायटीचं जुनं व्याख्यानगृह. अर्धवर्तुळात चढत्या बाकांच्या रांगा आहेत, आणि आता तिथे 174 खासदार दाटीवाटीने बसतात. वरून बघताना पहिल्यांदा जाणवतं ते अंतर. विरोधी नेत्याचा चेहरा पंतप्रधानाला नीट दिसतो, कुत्सित हसलेलंही दिसतं.

सुरुवातीला आयरिश आणि इंग्रजीत प्रार्थना आणि काही क्षण शांतता. मग पहिली संधी सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाला, म्हणजे 39 खासदारांच्या शिन फेनला. मेरी लू मॅकडोनल्ड उठल्या. 2018 पासून त्या पक्षाच्या अध्यक्ष आहेत. नियम असा की तीन मिनिटं प्रश्न, तीन मिनिटं उत्तर, मग एकेक मिनिट पुन्हा. विषय आधी कळवायचा नसतो. आपल्याकडच्या तारांकित प्रश्नासारखं आठवडे आधी लेखी द्यायचं, उत्तर खात्याने टाईप करून आणायचं, असला प्रकार नाही. पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांच्यासमोर जाडजूड फाईल होती आणि मॅकडोनल्ड बोलायला लागल्याबरोबर त्यांचा हात पानं उलटू लागला. विषय कुठला हे ताडून योग्य पान काढणं, ही तिथल्या पंतप्रधानाची पहिली परीक्षा.

विषय घरांचा निघाला, आणि सध्याच्या आयर्लंडमध्ये दुसरा निघणं कठीणच. 2024 च्या निवडणुकीआधी सरकार सांगत होतं की वर्षअखेर चाळीस हजारांच्या आसपास घरं होतील. प्रत्यक्षात झाली 30,330. तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा 2025 च्या सुरुवातीला पंधरा हजारांवर गेला. मॅकडोनल्ड आकडा सांगून थांबत नाहीत. भाड्याचं घर सुटलेलं एखादं कुटुंब, आईवडिलांकडे परत राहायला गेलेली तिशीतली मुलं, विमानतळावर पोरांना निरोप देणाऱ्या आया, असं एकेक पुढे ठेवत जातात आणि मग आवाज चढवतात. समोरून उत्तर आलं ते अपेक्षित वळणाचं: पैसे किती घातले, योजना कोणत्या, आणि तुमच्या पक्षाने कशाकशाला विरोध केला. भाचा हळूच म्हणाला, "मामा, मी दीड वर्ष खोली शोधतोय, मला यातलं एकही वाक्य उपयोगाचं नाही." खरं होतं. उत्तर मिळवण्यासाठी हा तास नाहीच. संध्याकाळच्या बातम्यांत कुणाची वीस सेकंदं दिसतील, याची ही लढत असते. तरीही सरकारच्या प्रमुखाला आठवड्यातून दोनदा, न कळवलेल्या विषयावर, उभं राहून बोलावं लागतं. ही सवय मला हेवा वाटण्याजोगी वाटली. आपल्या विधानसभेत 2024 नंतर कुठल्याच विरोधी पक्षाच्या दहा टक्के जागा आल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेतेपदाचं घोंगडं भिजत पडलं. तिथे आकड्याची अशी अट आड येत नाही, सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा पहिला प्रश्न ठरलेला.

म्हणून बोलण्याच्या वेळेवरून तिथे केवढं रान उठतं ते समजतं. सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांना विरोधकांच्या वेळेतून बोलायचं होतं. त्यावरून 22 जानेवारी 2025 ला एवढा गदारोळ झाला की टीशकची निवडच दुसऱ्या दिवसावर गेली. सभापती व्हेरोना मर्फी या त्या पदावरच्या पहिल्या महिला. पुढे एप्रिलच्या सुरुवातीला याच वादात त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा विरोधकांचा प्रयत्न मतदानात फसला. राजदंड पळवायची पद्धत तिथे नाही, पण आरडाओरडा आपल्या तोडीचा असतो. कुणाला खोटारडा म्हणायचं नाही. भ्याड, ढोंगी, उंदीर हेही सभापतींनी असंसदीय ठरवलेले शब्द आहेत.

मराठी माणसाला आणखी दोन गोष्टी ओळखीच्या वाटतील. फियाना फॉल आणि फिना गेल हे आयर्लंडच्या यादवी युद्धापासूनचे हाडवैरी पक्ष आता एकत्र सत्तेत आहेत आणि टीशकपद वाटून घेतात. मार्टिन नोव्हेंबर 2027 पर्यंत, मग फिना गेलचा नेता. आपल्याकडे अडीच-अडीच वर्षांच्या सूत्रावरून युती मोडली, तिथे डिसेंबर 2022 मध्ये ठरल्याप्रमाणे खांदेपालट झाला. दुसरं म्हणजे याच खुर्चीत 2017 मध्ये लिओ वराडकर बसले. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. मॅकडोनल्ड यांचे कित्येक प्रश्न त्यांनीच झेलले. 2019 च्या डिसेंबरात ते वराडला आपल्या घरी येऊन गेले, तेव्हा कोकणातल्या पेपरांत पानभर फोटो होते.

तासाभरात सज्जा रिकामा होतो. तुम्हीही उठा, पुढची विधेयकं झोप आणतात. समोरच्या कोपऱ्यावर बझवेल्स हॉटेल आहे. तिथे चहा घेताना शेजारच्या टेबलावर खासदार आणि पत्रकार कुजबुजत असतात. शेजारीच पुरातत्त्व संग्रहालय, तेही फुकट. दलदलीत हजारो वर्षं टिकलेली माणसांची शरीरं तिथे आहेत, हातांची नखंसुद्धा दिसतात. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा. कॉलेज ग्रीनवर बँक ऑफ आयर्लंडची जी इमारत आहे, ती 1800 पूर्वीच्या आयरिश संसदेची. तिथल्या जुन्या वरिष्ठ सभागृहाचीही खोली बघण्यासारखी आहे.

व्हिसाचं एवढं लक्षात घ्या: आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, युरोपच्या सहलीच्या व्हिसावर तिथे उतरता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा काढणार असाल तर त्यावर ब्रिटिश-आयरिश योजनेची नोंद आहे का ते पाहा, असेल तर दोन्ही देश होतात. छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते, टोपीचं विंडचीटर बरं. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या दूतावासाने निर्जन भागात रात्री न फिरण्याचा सल्ला दिला. लेन्स्टर हाऊसचा परिसर दिवसा गजबजलेला असतो, पण रात्री उपनगरात एकटं चालायचं टाळा.

जाणं जमत नसेल तर ओरॉक्टसच्या, म्हणजे आयरिश संसदेच्या, संकेतस्थळावर थेट प्रक्षेपण असतं. मंगळवारचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहाला आणि थंडीत साडेसातला सुरू होतो.