आमची वाटचाल : पपईपासून कॉफीपर्यंत

रोपांच्या डीएनए तपासणीची आमची प्रयोगशाळा सुरू झाली ती अशी: भोसरीत भाड्याचा गाळा, डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं एक पीसीआर यंत्र, नळ्या गरगर फिरवून द्रवातले घटक वेगळे करणारं एक सेंट्रिफ्यूज. सुरुवातीला मिळेल ते काम घेतलं: पपईचं रोप नर की उभयलिंगी, टिश्यूकल्चरच्या केळीत विषाणू आहे का. त्यावर भाडं निघायचं. मग चिकमगळूरच्या एका कॉफी बागायतदारांनी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांत पानं पाठवली आणि आमच्या कामाची दिशाच बदलली.

तांबेरा हा बुरशीचा रोग कॉफीचा जुना वैरी. १८६९ मध्ये तो सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत दिसला. पुढे तिथली कॉफी गेली आणि चहा आला. पानाच्या खालच्या बाजूला केशरी भुकटी दिसते, मग पानं गळतात आणि पुढचं पीक हातचं जातं. आपल्याकडच्या एस. ७९५ वाणात एसएच-३ हे प्रतिकारक जनुक आहे, मूळचं लायबेरिका कॉफीतलं. पण बुरशीचे काही प्रकार आता त्यालाही जुमानत नाहीत. म्हणून तिमोर बेटावरच्या संकरित कॉफीतलं प्रतिकारक जनुक त्याच्या जोडीला आणायचं. अडचण अशी, की एकच जनुक असलेलं रोप आणि दोन्ही असलेलं रोप बागेत सारखंच निरोगी दिसतं. फरक सांगतो तो डीएनए मार्कर, म्हणजे जनुकाजवळची डीएनएमधली ओळखखूण, तोही रोप पिशवीत असतानाच. कॉफीला पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं लागतात. नको ती रोपं तोवर कशाला पोसायची?

कॉफीचं पान फार छळतं. पानातल्या पॉलिफिनॉल या द्रव्यांमुळे अर्क तपकिरी पडतो आणि पीसीआर अडतो. आम्ही सीटॅब या डीएनए सुटा करणाऱ्या द्रावणात पॉलिफिनॉल बांधून ठेवणारं पीव्हीपी घालून ६५ अंशांवर ठेवतो, क्लोरोफॉर्मने पुन्हा शुद्ध करतो. मग डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ते पट्ट्यांसारखे दिसतात. प्रतिकारक आणि बिनप्रतिकारक असे दोन पट्टे उमटले, तर त्या झाडाच्या स्वपरागित बियांतली साधारण पाव रोपं जनुकाविना निघणार. फक्त प्रतिकारक पट्टा आला, तर त्याचं बी खुशाल धरावं. अशी मातृझाडं निवडून देणं, हेच आता आमचं मुख्य काम.

मार्कर जनुकाच्या शेजारी असतो, आणि पुढच्या पिढीत दोघांची ताटातूट होऊ शकते. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंचे मार्कर तपासल्याशिवाय आम्ही अहवालावर सही करत नाही. एकाच मार्करवर स्वस्तात उरकून द्या म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणतो. त्यात कामं जातात, जाऊ देत; चुकीचं झाड बागायतदाराच्या जमिनीत वर्षानुवर्षं उभं राहतं.

सध्या दोन्ही जनुकांची तपासणी एकाच पुडीतून होते. पानं शेंड्याकडची कोवळी घ्या, पुसून कोरडी करा, आणि प्रत्येक पुडीवर झाडाचा क्रमांक पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते.