कायरोप्रॅक्टिकचं कॉलेज खरं की नुसतंच चकचकीत, हे कुठे बघायचं

कॉलेजात नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, नॅक, म्हणजे कॉलेज तपासून ग्रेड देणारी संस्था, येणार म्हटलं की काय होतं ते. भिंतींना रंग, पोर्चमध्ये कुंड्या, पाच वर्षांच्या मीटिंगच्या मिनिट्सवर राहिलेल्या सह्या, आणि आमच्या सिंधुदुर्गात टीम नेमकी पावसाळ्यात आली तर ओल आलेल्या भिंतीवर मोठ्ठा फ्लेक्स, जिथे ओल जास्त तिथे फ्लेक्स मोठा. मी आमच्या कॉलेजात आयक्यूएसीच्या, म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या कक्षाच्या, फायली सांभाळते, म्हणजे हे सगळं आतून बघितलेलं आहे. त्यामुळे कुठल्याही वेबसाइटवर ‘अॅक्रेडिटेड’, म्हणजे मान्यताप्राप्त, असं सोनेरी अक्षरात दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणी केलं आणि कशासाठी?

आता हे मध्येच का, तर आमचा भाचा. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या डोक्यात आता कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके आणि सांधे सरकवून करायचा उपचार, शिरलंय. ते रील्स असतात ना, मान धरायची, कडकन आवाज, पेशंट हसत उठतो, ते बघून बघून. खरं तर आमच्याकडे पाठीत उसण भरली की अजूनही लोक पायाळू माणूस शोधतात, तो पाठीला पाय लावतो, चहा पितो, घरी जातो, त्याच्याकडे कुणी डिग्री मागत नाही. पण हा पोरगा पन्नास-साठ लाखांच्या लोनच्या गोष्टी करायला लागला तेव्हा ताईने मला फोन लावला, ‘अगो, ता सगळा ऱ्हवांदे, ह्या शिकान पोराक नोकरी गावतली मां?’ मग बसले वाचायला.

अमेरिकेत हा धंदा सुरू झाला 1895 साली, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये, डी. डी. पामर नावाच्या माणसाने सुरू केला आणि दोन वर्षांत शाळाही काढली. पुढे कितीतरी वर्षं ज्याला वाटेल तो कॉलेज काढायचा, आणि त्यात यांच्यात दोन तट, एक म्हणणार फक्त मणकाच, दुसरा म्हणणार मणक्यासोबत बाकीचे उपचारही, आणि दोघांचे कॉलेज तपासायचे निकषही वेगळे. शेवटी कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन, म्हणजे सीसीई, ही संस्था 1971 मध्ये रीतसर नोंदवली गेली आणि 1974 मध्ये तिला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. त्याच 1974 मध्ये लुईझियानाने कायरोप्रॅक्टरना लायसन्स द्यायचा कायदा केला, ते शेवटचं राज्य होतं, पहिलं कॅन्सस, 1913 मध्ये. म्हणजे लायसन्स आधी आलं आणि कॉलेज नीट तपासणारी यंत्रणा साठ वर्षांनी. उलटी गंगा.

आता तपासतात कसं, तर सांगाडा आपल्याला ओळखीचा आहे. कॉलेज आधी स्वतःचा अहवाल लिहितं, मग दुसऱ्या कॉलेजांतले प्राध्यापक आणि प्रॅक्टिस करणारे लोक टीम बनून येतात, वर्ग बघतात, क्लिनिक बघतात, पेशंटच्या फायली उघडतात, विद्यार्थ्यांशी बोलतात. टीमचा रिपोर्ट कॉलेजकडे जातो, त्यात माहितीची काही चूक असेल तर सांगायला, आणि निर्णय मात्र टीम घेत नाही, वर बसलेली कौन्सिल घेते, जिच्यात या व्यवसायाशी संबंध नसलेले बाहेरचे लोकही असतात. सगळं ठीक असेल तर जास्तीत जास्त 8 वर्षं. नसेल तर आधी इशारा, मग प्रोबेशन, आणि अगदीच झालं तर मान्यता काढून घेणं. आपल्याकडे इतकी वर्षं सगळं लक्ष ए प्लस आला की ए डबल प्लस याच्यावर, तिथे ग्रेड वगैरे नाही, मान्यता आहे किंवा नाही, आणि असली तर तिच्यावर डाग आहे का. मला हे बरं वाटलं, ग्रेड आली की बॅनर येतो आणि बॅनर आला की विषय संपतो.

अजून एक, नॅक अख्ख्या कॉलेजला आणि एनबीए एकेका इंजिनिअरिंग कोर्सला, हा फरक आपल्याला माहीत आहे, तसाच तिथेही आहे. युनिव्हर्सिटीला मान्यता असणं वेगळं आणि तिच्या डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक या कोर्सला सीसीईची मान्यता असणं वेगळं. बहुतेक राज्यांत लायसन्ससाठी दुसरी लागते. भाच्याने दाखवलेल्या एका ब्रोशरमध्ये पहिलीचंच कौतुक चार वेळा होतं आणि दुसरीचं नावच नाही.

हे कागदी प्रकरण वाटत असेल तर लाइफ युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. जॉर्जियातलं मरिएटा गाव, कायरोप्रॅक्टिकच्या सगळ्यात मोठ्या कॉलेजांपैकी एक, आणि 2002 मध्ये सीसीईने त्यांची मान्यताच काढली. पोरांची पळापळ, ज्यांना जमलं ते दुसऱ्या कॉलेजात गेले, पटसंख्या धाडकन खाली. कॉलेज कोर्टात गेलं आणि 2003 मध्ये फेडरल जजच्या आदेशाने मान्यता परत मिळाली. कोण बरोबर कोण चूक यावर तिथले लोक अजूनही भांडतील, पण मधल्या काही महिन्यांत तिसऱ्या वर्षाला असलेल्या आणि लोन काढलेल्या पोराची अवस्था काय झाली असेल याचा विचार करा जरा. आपल्याकडे नॅकची ग्रेड घसरली म्हणून कुठल्या पोराची डिग्री लटकली असं मी तरी बघितलेलं नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटले ते दोन आकडे, जे कॉलेजला वेबसाइटवर उघड टाकावेच लागतात. तिथे एनबीसीई नावाच्या बोर्डाची चार भागांची परीक्षा असते, शेवटचा भाग प्रॅक्टिकल. कोर्स पूर्ण करून ही परीक्षा दिलेल्या पोरांपैकी किती जणांनी कोर्स संपल्यापासून सहा महिन्यांत चारही भाग काढले, त्याची चार वर्षांची सरासरी, आणि ती 80 टक्क्यांच्या खाली गेली की सीसीई विचारणार. दुसरा आकडा, अॅडमिशन घेतलेल्यांपैकी किती जणांनी कोर्स पूर्ण केला, तिथे रेषा 70 टक्के. ब्रोशरवर नेहमी पहिला आकडा असतो, कारण तो दिसतो छान. पण तो फक्त कोर्स संपवलेल्यांचा! 100 जण आत गेले, 70 बाहेर आले, त्यातले 80 टक्के पास म्हणजे 56. दोन्ही रेषा पाळल्या, कॉलेज नियमात बसलं, आणि 44 जण लोनसकट कुठेतरी राहिले. हे गणित मी ताईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, ‘चवेचाळीस?’

तासांचंही बघा. डब्ल्यूएचओने 2005 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पूर्ण शिक्षण किमान 4200 तासांचं, त्यातले किमान 1000 तास कुणाच्या तरी देखरेखीखाली पेशंटवर काम. रोज सहा तास धरले तर 700 दिवस. आणि आपल्याकडे शनिवार-रविवारचं वर्कशॉप, हॉटेलचा हॉल, जेवणासकट, संध्याकाळी फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, आणि सोमवारी माणूस मानेला हात घालायला मोकळा. मान आहे ती, फणसाचा देठ नाही पिळायला.

अमेरिकाच पाहिजे असंही नाही. युरोपसाठी वेगळी कौन्सिल आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी वेगळी, कॅनडाची वेगळी. इंग्लंडमध्ये 1994 च्या कायद्याने जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल आहे, तिच्या रजिस्टरवर नाव नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं तिथे गुन्हा आहे. पण एका देशातली मान्यता दुसऱ्या देशात आपोआप चालते असं समजू नका. आधी कुठे राहायचं ते ठरवा, मग तिथल्या लायसन्सवाल्यांना काय लागतं ते बघा, मग कॉलेज. पोरं बरोब्बर उलटं करतात.

आणि एक गोष्ट, जी मी भाच्याला दोनदा सांगितली कारण पहिल्यांदा त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. मान्यता म्हणजे शिकवणं ठरलेल्या दर्जाचं आहे एवढंच. उपचार किती चालतो हे त्याने सिद्ध होत नाही. कंबरदुखीला मॅनिप्युलेशनने, म्हणजे हाताने मणक्याला झटका देण्याने, थोडाफार फायदा होतो याला आधार आहे, बाकी दमा, कानाचे आजार वगैरे जे दावे कुणी करतं त्याला धड आधार नाही, आणि हे कुठलीही तपासणी टीम येऊन बदलू शकत नाही. चांगल्या कॉलेजची खूण मला विचाराल तर हीच, की पेशंट आपल्या हातातला नाही, याला डॉक्टरकडे पाठवा, हे पोराला कधी ओळखता येतं, ते शिकवतात का.

त्याने मग दोन कॉलेजांना मेल टाकून दोन्ही आकडे मागितले. एकाने सरळ लिंक पाठवली. दुसऱ्याने स्कॉलरशिपचं ब्रोशर, परत एकदा.

राहिला ताईचा प्रश्न. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक कौन्सिल नाही. फिजिओथेरपीचं तसं नाही, महाराष्ट्रात तिची राज्य कौन्सिल आहे आणि 2021 च्या केंद्राच्या कायद्यातही फिजिओथेरपी आहे. म्हणजे बाहेर शिकून परत कणकवलीत येऊन बोर्ड लावायचा झाला तर कायद्याच्या दृष्टीने त्याची फिजिओची डिग्रीच कामाला येणार, आणि पन्नास लाख फेडायचे ते इथल्या पेशंटच्या तीनशे रुपये फीमधून. सध्या ठरलंय असं की आधी इंटर्नशिप पूर्ण करायची, रजिस्ट्रेशन घ्यायचं, वर्षभर सरकारी नाहीतर खाजगी हॉस्पिटलात कंबरा बघायच्या. त्यानंतरही जायचंच असेल तर लोनच्या कागदावर जामीनदार म्हणून माझी सही आहे, ताईला तसं सांगून ठेवलंय.