तुम्ही विचारलंत म्हणून

"मराठी शिकवता आणि कानात असल्या प्रेमकथा?" आणि त्यालाच जोडून, "ऐकणं म्हणजे काय वाचणं झालं का?" शिक्षकखोलीत, लग्नकार्यात, अगदी जिन्यात गाठूनही हेच विचारतात. आजवर हसून वेळ मारून नेली. आता सांगूनच टाकते.

2017 च्या अखेरीस स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकण्याचं ॲप भारतात आलं, मराठी पुस्तकांसकट. पुढच्याच वर्षी आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. दहा तासांची कादंबरी अडीच फेऱ्यांत संपायची. 'शेवट ठरलेलाच असतो ना?' हो, असतो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेच्या व्याख्येतच शेवट समाधान देणारा, आशादायी हवा असं आहे. त्या खोलीत कुठल्याच पलंगावर तशी हमी नव्हती. मला ती कानात तरी हवी होती.

एका मंगळवारी मी पुण्यातल्या एका घटस्फोटित मुलीची गोष्ट ऐकत होते. आईच्या डाव्या हातात दोन सुया. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला, तो हात चार तास हलवायचा नाही, त्यामुळे पुस्तक धरणं, पान उलटणं बंदच. एरवी त्या हातावर बोटं ठेवली की कातडीखाली बारीक थरथर लागायची, मांजर गुरगुरावं तशी. आई माझ्याकडे बघत होती.

"काय ऐकतेस गं?"

"प्रवचन," मी म्हटलं.

"मग मला पण दे."

इअरफोन वायरचे होते. एक टोक तिच्या कानात घालायच्या आत मी खरोखरच प्रवचन लावलं. दहा मिनिटांनी तिने मोकळ्या हाताने ते काढलं. "हे मला पाठ आहे. मघाशी हसत होतीस ते लाव."

मी नाही लावलं. पुढे जवळिकीचा प्रसंग येणार, हे कळत होतं. "डोकं दुखेल तुझं," म्हटलं. तिने मान भिंतीकडे वळवली. थोड्या वेळाने तिच्या पायात गोळे आले, मी पोटऱ्या दाबत बसले आणि तो विषय तिथेच राहिला. अडीच महिन्यांनी ती गेली.

ही बाई रेडिओवरच्या श्रुतिका ऐकत पोळ्या लाटायची. नायकाचा आवाज आला की लाटणं थांबायचं, तव्यावरची पोळी करपायची. ऐकणं तिला मी काय शिकवणार होते?

ऐकणं हे वाचणं आहे का, यावर मी पूर्वी वर्गात ठासून 'नाही' म्हणायचे. आजही पुरतं 'हो' म्हणवत नाही. मेथी निवडताना अख्खं प्रकरण निसटतं, आवडलेल्या ओळीखाली रेघ मारता येत नाही, एखादा आवाज नायकाला नको इतका गोड करून ठेवतो. पण डोळ्यांनी वाचताना मी अशा कादंबऱ्यांमधली भांडणं गाळून शेवटाकडे पळायचे. कानांना पळता येत नाही. भांडणात नायक बोलत नाही, वाचणारीचा श्वास तेवढा ऐकू येतो, आणि तिच्याबरोबर आपल्यालाही थांबावं लागतं. छापील पानावर तिथे नुसती तीन टिंबं असतात.

आणि 'असल्या' म्हणजे कसल्या हो? दुःखाची कादंबरी हातात असली की कुणी कारण विचारत नाही.

ती गोष्ट मी नंतर दोनदा ऐकली. त्या प्रसंगात तो तिच्या केसांतली क्लिप काढतो, आणि प्रकरण संपतं. एवढंच आहे. तेव्हाची मी अजून म्हणते, आईच्या कानात ते कसं घालणार होतीस? मी म्हणते, बहात्तर वर्षांची होती ती, तीन मुलांची आई. त्यावर तेव्हाची मी म्हणते, पुढे एवढंच आहे हे तुला तेव्हा कुठे माहीत होतं? ते खरंच आहे. पण आईने मागितलं होतं.